भंगार, भांडवल आणि माझा ३६ तासांचा उपवास
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ मिळाली, तेव्हा सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की मी ठेवी, वारसनोंद आणि नामनिर्देशन यावर बोलणार. सचिवांनी तर पत्रिकेत ‘बँकविषयक मार्गदर्शन’ असं छापायलाही दिलं होतं. मी विषय बदलून मागितला. कारण गेल्या श्रावणात बी विंगच्या जिन्यात जे घडलं, त्याचा हिशेब मी तुम्हाला देणं लागतो. त्या दिवशी तुमच्यापैकी निम्मे लोक तिथे होते. काय झालं ते तुम्ही पाहिलं. का झालं, हे मी आजवर सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे लाज वाटत होती.

झालं असं. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ४८ तास काहीही खाऊ नका, शरीर आपल्याच खराब पेशी खाऊन टाकतं, कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतात, म्हातारपण मागे सरतं, आणि या शोधाला नोबेल पारितोषिक मिळालं आहे, असं त्यात होतं. तो व्हिडिओ टाकणारा दुसरा-तिसरा कुणी नव्हता, मीच होतो. टाकला आणि वर स्वतः अमलातही आणला. मला मधुमेह होऊन पंधरा वर्षं झाली. बँकेतली शिस्त अंगात मुरलेली, त्यामुळे अन्न बंद केलं पण सकाळची गोळी मात्र वेळेवर घेतली. छत्तिसाव्या तासाला दूध आणायला म्हणून खाली निघालो, हातपाय थरथरायला लागले, घामाने सदरा भिजला आणि दुसऱ्या व पहिल्या मजल्याच्या मध्ये मी बसलो, तो बसलोच. शेजारच्यांनी आपलं मशीन आणून बोटाला टोचलं. साखर निघाली ४२.

पुढचं शेवटी सांगतो. आधी मूळ मुद्दा. मी १९७२ चा बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र घेऊन. नंतर बँकेत लागलो आणि देवरी, आमगाव, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा अशा शाखांत आयुष्य गेलं; विज्ञान मागे पडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर वेळच वेळ होता. म्हटलं, ज्या शोधाच्या नावावर आपण जिन्यात आडवे झालो, तो शोध तरी नेमका काय आहे ते पाहू. सुरुवात नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकापासून केली. त्यात पेशीतल्या लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हटलेलं आहे. इकडे पुस्तक म्हणतं आत्मघात, तिकडे व्हिडिओ म्हणतो अमृत. एकाच खात्याचे दोन वेगवेगळे ताळेबंद कुणी समोर ठेवले, तर बँकेचा माणूस काय करतो? मूळ नोंदी काढून बसतो. मी तेच केलं.

आता एक साधा हिशेब बघा. मध्यम बांध्याच्या माणसाचं शरीर दिवसभरात साधारण २०० ते ३०० ग्रॅम प्रथिने नव्याने घडवतं. आपण खातो किती? वरण, भात, दही, कधी अंडं किंवा मासोळी, सगळं मिळून ६०-७० ग्रॅम धरा. जमा ७०, खर्च ३००. आणि तरी खातं बुडत नाही! बाकीचा माल कुठून येतो? तर आपल्यातूनच. जुनी, वापरून झालेली प्रथिने मोडली जातात, त्यांचे सुटे भाग निघतात आणि त्याच भागांतून नवी प्रथिने उभी राहतात. लोहाचंही तसंच. नवं रक्त बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, अन्नातून शोषलं जातं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. उरलेलं म्हाताऱ्या रक्तपेशी मोडून मिळतं. म्हणजे, मंडळी, आपलं शरीर बाहेरच्या ठेवींवर कमी आणि जुन्या मालाच्या वसुलीवर जास्त चालतं.

पेशीच्या आत ही मोडतोड करणारी दोन खाती आहेत. एक खातं एकेकट्या प्रथिनाला खूण करून मोडतं. दुसरं ठोकळ माल घेतं: प्रथिनांचे गोळे, झिजलेल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीची वीजघरं, अशा मोठ्या वस्तू. या दुसऱ्या खात्याला म्हणतात ऑटोफॅजी, मराठीत स्वभक्षण. हे नाव बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान द दुव यांनी १९६३ मध्ये दिलं. लयकारिकाही त्यांनीच शोधल्या होत्या आणि १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. काम कसं चालतं? पेशीत एक दुपदरी पडदा वाटीसारखा तयार होतो, मोडकी वस्तू वाटीत घेतो, वाटीचं तोंड मिटतं आणि पिशवी होते. ती पिशवी जाऊन लयकारिकेला मिळते. लयकारिकेत आम्ल आणि पाचक विकरे असतात. माल विरघळतो, सुटे भाग पेशीत परत येतात. इथे पहिली चूक दुरुस्त करून घ्या: स्वभक्षणात शरीर ‘खराब पेशी’ खात नाही, तर प्रत्येक पेशी आपल्याच आतलं भंगार मोडते. म्हणजे इमारत पाडायची नाही, घरातली अडगळ काढायची.

नाव १९६३ मध्ये मिळालं, पण यंत्र कसं चालतं हे कळायला तीस वर्षं गेली. ते काम जपानच्या योशिनोरी ओसुमी यांचं. १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. अभ्यासाला घेतलं काय, तर पाव फुगवणारं यीस्ट. अडचण अशी होती, की पिशव्या येतात आणि लगेच पचतात, त्यामुळे दिसतच नाहीत. ओसुमींनी युक्ती केली. ज्या यीस्टमध्ये पाचक विकरेच नाहीत असं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. आपल्याकडे चार दिवस घंटागाडी आली नाही, की कोणाच्या घरातून काय निघतं ते जिन्यातच कळतं ना? तसंच झालं. न पचलेल्या पिशव्या साचत गेल्या आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्या. हे त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढच्याच वर्षी या कामाला लागणारे १५ जनुक यीस्टमधून शोधून काढले. तसलेच जनुक पुढे उंदरात सापडले, माणसात सापडले. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं, तेव्हा त्यांचं वय ७१. आमच्या वयाच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. पण ओसुमींना नोबेल मिळालं ते यंत्र उलगडल्याबद्दल. ४८ तास उपाशी राहा असा सल्ला दिल्याबद्दल नव्हे.

आता जपानातून परत गोंदियाला येऊ. आपला जिल्हा धानाचा. माझे वडील अर्जुनीकडचे शेतकरी, लिहिणं-वाचणं बेताचं. धान निसवल्यावर खालची पानं पिवळी पडू लागली की मी लहानपणी घाबरायचो. ते म्हणायचे, “पान पिवरा झाला का समज बापू, लोंब भरते.” त्या वाक्यामागचं शास्त्र मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. हिरव्या पानातल्या प्रथिनांमध्ये नायट्रोजन साठवलेला असतो. पान म्हातारं झालं की पेशी ती प्रथिनं मोडतात आणि तो नायट्रोजन वर लोंबीकडे पाठवतात. दाण्यातल्या नायट्रोजनचा मोठा वाटा असा जुन्या पानांकडून आलेला असतो. या कामात स्वभक्षणाचा हात आहे. ज्या धानात त्यासाठी लागणारा एक जनुक निकामी केला, त्यात जुन्या पानांतला नायट्रोजन नव्या पानांकडे नीट गेला नाही आणि परागही धड पिकले नाहीत. पराग नाही तर दाणा नाही. म्हणजे आपण रोज ताटात जो भात घेतो, त्यात एका पिवळ्या पानाची मिळकत असते. आणि लक्षात घ्या, पान शेवटी वाळतंच. पण आधी घर रिकामं करून, माल पुढच्याच्या हवाली करून मगच वाळतं.

दुसरं उदाहरण बाळाचं. आईच्या पोटात असताना नाळेतून अखंड पुरवठा. जन्म झाला, नाळ तुटली, पुरवठा बंद. आणि पहिलं दूध मिळेपर्यंत मधला काळ उपाशी. उंदराच्या पिल्लांमध्ये या मधल्या काळात स्वभक्षण एकदम वाढतं. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ज्या पिल्लांत हे यंत्रच बंद केलं होतं, ती दिसायला बरी जन्मली, पण एका दिवसात दगावली. आयुष्याचा पहिला उपवास निभावतो तो असा.

तिसरं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचं आहे. सिकलसेल हा शब्द इथल्या गावोगावी माहीत आहे. तांबडी रक्तपेशी तयार होताना आपल्यातल्या सगळ्या तंतुकणिका स्वभक्षणाने काढून टाकते आणि मोकळी होऊन सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहते. सिकलसेलचं मूळ कारण हिमोग्लोबिनमधला बदल हेच आहे. पण या रुग्णांच्या काही रक्तपेशींत तंतुकणिका न काढता तशाच राहिलेल्या सापडल्या आहेत. त्या उरल्या की पेशीत घातक रसायनं वाढतात, असं संशोधक म्हणतात. घर वेळेवर साफ झालं नाही तर काय होतं, याचा हा नमुना. लग्नाआधी रक्ताची तपासणी करून घ्या, हे मी इथे जाता जाता सांगूनच ठेवतो. पत्रिका जुळवण्याआधी ही चिठ्ठी जुळवा.

आता येऊ मरणाकडे. मरण म्हटल्यावर तोंड वळवू नका. पेशीचं मरण वाईटच असतं असं नाही. १९७२ मध्ये, म्हणजे मी पदवी घेतली त्याच वर्षी, तीन शास्त्रज्ञांनी पेशीच्या शिस्तबद्ध मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. आईच्या पोटात बाळाची बोटं आधी पडद्याने जोडलेली असतात. मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात म्हणून बोटं सुटी होतात. आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्या त्या त्या पेशींच्या मरणामुळे! मोठ्या माणसाच्या शरीरातही रोज काही हजार कोटी पेशी अशाच शांतपणे जातात. आपल्याला पत्ता लागत नाही. दुसऱ्या प्रकारचं मरण म्हणजे अपघाती: भाजलं, रक्तपुरवठा तुटला, पेशी फुटली, आतला माल बाहेर सांडला, सूज आली.

मग स्वभक्षणाचा आणि मरणाचा संबंध काय? आत्मघाती पिशवी म्हणायचं की नाही? मरणाऱ्या पेशींमध्ये स्वभक्षणाच्या पिशव्या भरपूर दिसायच्या, म्हणून बरीच वर्षं समजूत होती की याच पेशीला मारत असाव्यात. पण विचार करा. एखाद्या बुडालेल्या कर्जखात्याची फाइल उघडली, की त्यात पुनर्रचनेचे कागद हमखास सापडतात. म्हणून खातं पुनर्रचनेमुळे बुडालं का? नाही हो. ते वाचवायचे प्रयत्न होते, अपुरे पडले इतकंच. पेशीतही बहुतेक वेळा असंच असतं. अन्न तुटलेल्या पेशी स्वभक्षणावर तग धरतात. ते बंद पाडलं तर त्या लवकर मरतात. काही विशेष परिस्थितीत अति स्वभक्षणाने पेशी मरते असंही दिसलं आहे, पण तो नियम नाही.

आणि यात एक गंमत आहे, जी वाचून माझ्यातला बँकवाला खूश झाला. पेशीत बीसीएल-२ नावाचं एक प्रथिन आहे. ते शिस्तबद्ध मरणाला आवर घालतं. तेच प्रथिन बेक्लिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं, आणि बेक्लिन सुटल्याशिवाय स्वभक्षण जोर धरत नाही. म्हणजे दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच अधिकाऱ्याच्या कमरेला! उपासमार झाली की तो बेक्लिनला मोकळं करतो: आधी दुरुस्ती करून बघा. नुकसान हाताबाहेर गेलं, तर मरणाचं काम करणारी विकरे बेक्लिनलाच कापून टाकतात: आता दुरुस्ती थांबवा, खातं बंद करा. आधी पुनर्रचना, नाही जमलं तर अवसायन. माझ्या नोकरीत हे दोन निर्णय योग्य वेळी घेणं सर्वांत अवघड होतं.

आता कर्करोग. व्हिडिओतला सर्वांत मोठा घोटाळा इथे आहे. निरोगी पेशीत स्वभक्षण भंगार साफ ठेवतं, म्हणून कर्करोग सुरू होण्याला ते अडथळा ठरू शकतं. पण एकदा गाठ झाली, की गाठीच्या आतल्या पेशींना अन्न कमी, प्राणवायू कमी. त्या वेळी कर्करोगाची पेशीसुद्धा हेच यंत्र चालवून जिवंत राहते. कर्जाची सवलत प्रामाणिक शेतकऱ्यालाही मिळते आणि बुडव्यालाही! म्हणून शास्त्रज्ञ काही रुग्णांत स्वभक्षण वाढवायचं नाही, तर थांबवायचं बघत आहेत. त्यासाठी वापरलेलं औषध आपल्या ओळखीचं आहे. आपल्या जंगलपट्टीत मलेरियासाठी पिढ्यान्‌पिढ्या क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या खाल्ल्या गेल्या. त्या घराण्यातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लयकारिकेतलं आम्ल कमी करतं, मग पिशव्या येतात पण पचत नाहीत. कर्करोगावरच्या चाचण्यांत याचे निकाल संमिश्र आहेत. माझा मुद्दा एवढाच, की जिथे डॉक्टर हे यंत्र बंद करायला धडपडतात, तिथे आपण घरबसल्या ते सुरू करून कर्करोग मारायला निघालो होतो. आपल्या सोसायटीत दोघीजणी या आजाराशी झगडत आहेत. मी तो व्हिडिओ टाकल्यावर त्यांच्यापैकी एका ताईंनी दोन दिवस जेवण कमी केलं होतं, हे मला नंतर कळलं. औषधोपचारात अंगात ताकद लागते हो! ताई, तुमची मी सर्वांसमोर माफी मागतो.

मग उपवास करायचाच नाही का? श्रद्धेचा उपवास ज्याचा त्याने ठरवावा. एकादशी असो, रोजा असो, पर्युषण असो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा आपला प्रकार तर आणखी वेगळा. साबुदाण्याच्या वड्यांनी कुठल्या पेशीची अडगळ निघत नाही. पण विज्ञानाच्या नावाने करणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, स्वभक्षण आपल्या सुरू करण्याची वाट बघत नाही. ते आत्ता, या क्षणी, थोड्या प्रमाणात प्रत्येकात चालू आहे. दुसरी, उपाशीपणी ते वाढतं हे खरं. पण ‘इतक्या तासांनी सुरू’ असे जे आकडे फिरतात, त्यांना माणसांवरच्या मोजमापाचा पक्का आधार नाही. बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि उंदराचा एक दिवसाचा उपवास त्याच्या इवल्याशा जिवाला आपल्या कितीतरी दिवसांइतका जड असतो. तिसरी गोष्ट मी अंगावर घेऊन शिकलो. मधुमेहाच्या काही गोळ्या, आणि इन्सुलिन, तुम्ही जेवलात की नाही हे विचारत नाहीत. साखर खाली ओढणं हे त्यांचं काम, ते करणारच. अन्न बंद आणि गोळी चालू म्हणजे पगार बंद आणि हप्ता चालू. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना उपवास, ना गोळी बंद.

आता जिन्यातली उरलेली गोष्ट. मी बसलो होतो, शुद्ध होती, पण शब्द फुटत नव्हता. सगळे म्हणत होते, पाणी द्या, हवा घाला, कांदा हुंगवा. तेवढ्यात तळमजल्यावरची एक शाळकरी पोरगी धावत वर आली. तिच्या हातात वाटीभर साखर आणि पाणी होतं. तिच्या आजीला हाच आजार, त्यामुळे तिला ठाऊक होतं. तिने आधी मला विचारलं, “आजोबा, गिळता येते का?” मी मान हलवली. मग तिने साखरपाणी पाजलं. तिचं हे विचारणं फार मोलाचं, बरं का. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडात द्यायचं. नसेल तर काही न देता थेट दवाखाना गाठायचा. पंधरा मिनिटांत मी माणसात आलो. डोळे नीट उघडल्यावर पहिला चेहरा सौभाग्यवतींचा दिसला. त्या म्हणाल्या, “झाली का जी साफसफाई?”

१ मे १९९९ ला आपला जिल्हा झाला आणि पुढच्या वर्षी ही सोसायटी. आता पंचवीस वर्षं झाली. भिंतींना ओल आहे, पाण्याच्या टाकीला गळती आहे, आणि सर्वसाधारण सभेत ‘दुरुस्ती की पुनर्विकास’ हा वाद रंगतो. त्यात मी आज पडत नाही. एवढंच म्हणतो, की गेल्या महिन्यात जुन्या गेटचे लोखंडी गज कापून मुलांच्या झोपाळ्याला लावले, तो ठराव मी आनंदाने अनुमोदिला होता. समोर सतरंजीवर ती पोरगी बसली आहे. यंदा ती दहावीला आहे. मी तिला माझं जुनं सूक्ष्मदर्शक दिलंय, १९७० सालचं, एक भिंग तडकलेलं. पण यीस्ट त्यातून अजून दिसतं.

खाली पोहे आणि चहाची व्यवस्था आहे. बिनसाखरेचा चहा डावीकडच्या किटलीत आहे.